मोटर ड्रायव्हर चिप तापते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव-भुसावळकडचे पॉलिटेक्निकचे विद्यार्थी, शहादा-शिरपूरकडे शेतात छोटी यंत्रं करून बघणारे तरुण, घरी थ्रीडी प्रिंटर जोडणारे हौशी लोक, हे सगळे मला वर्षभर जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. मोटर ड्रायव्हर चिप म्हणजे आर्डुइनोसारख्या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटरला करंट देणारी, सप्लाय आणि मोटर यांच्या मधली चिप. थंडीत असे प्रश्न तुरळक येतात. होळी झाली की वाढतात, आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला तर रोज कुणाची तरी चिप तापलेली असते. माझं टेबल पत्र्याच्या शेडमध्ये आहे, त्यामुळे ही दुखणी मी स्वतः भोगलेली आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे तो क्रमांक सांगितला आहे.

१. मोटर तापली तर समजतं. पण मधली चिप का तापते? ती तर काहीच काम करत नाही.

एका मुलीने हेच अहिराणीत विचारलं होतं: "ताई, हाई चिप इतली काबर तपस?" मोटरमधून जाणारा सगळा करंट आधी चिपमधून जातो. चिपच्या आत वर एक आणि खाली एक असे दोन इलेक्ट्रॉनिक स्विच एका वेळी चालू असतात. भिंतीवरचा स्विच चालू केला की त्याच्या दोन टोकांमध्ये जवळजवळ शून्य व्होल्ट उरतात. चिपमधल्या स्विचवर मात्र थोडे व्होल्ट अडकून राहतात. हे अडकलेले व्होल्ट गुणिले करंट, म्हणजे चिपमध्ये तयार होणारी उष्णता, वॅटमध्ये. उदाहरणार्थ, अडीच व्होल्ट अडकले आणि १ अँपिअर वाहिला तर अडीच वॅट. नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्याला अडीच वॅट फार झाले.

यावरून क्रम ठरतो. आधी उष्णता कमी तयार होईल असं बघायचं (प्रश्न ४, ६, १०), मग तयार झालेली बाहेर काढायची (प्रश्न ७ ते ९), आणि पंखा सगळ्यात शेवटी (प्रश्न १३). मला येणाऱ्या दहापैकी आठ जणांनी सुरुवातच पंख्याने केलेली असते.

२. किती गरम झाली म्हणजे काळजी करायची? बोट लावून कळतं का?

अंदाज येतो. साधारण ६० अंशांच्या वर धातूवर बोट टेकवून ठेवता येत नाही, आपोआप मागे येतं. पण बोट मागे आलं म्हणजे चिप मरायला टेकली असं नाही. बहुतेक ड्रायव्हर चिपची आतल्या सिलिकॉनची मर्यादा १५० अंशांच्या आसपास असते, आणि हीटसिंक (चिपला लावलेला, उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा धातूचा तुकडा) ६०-७० अंशांवर असताना चिप वर्षानुवर्षं चालू शकते. मी तीन पायऱ्या धरते: बोट टेकवता आलं तर निवांत, चटका बसला तर करंट मोजा, जवळ हात नेला तरी झळ लागते किंवा वास येतो, तर लगेच सप्लाय बंद.

लेझर ठिपक्याचं इन्फ्रारेड तापमापक वापरत असाल तर एक पथ्य पाळा. चकचकीत ॲल्युमिनियमवर ते फार कमी आकडा दाखवतं. हीटसिंकवर काळ्या इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा चिकटवा आणि त्याच्यावर नेम धरा. मागच्या वर्षी एकाने "फक्त ३८ अंश आहे" म्हणून कळवलं होतं. टेप लावून बघायला सांगितलं तेव्हा ७९ निघाले.

३. आपल्याकडच्या उन्हाळ्याने खरंच एवढा फरक पडतो? की ते नुसतं निमित्त?

खरंच पडतो. हिशोब एकदा हाताने करून बघा, मग विसरणार नाही.

एल२९३डी ही ड्रायव्हर चिप घ्या. या चिपच्या एका डेटाशीटमध्ये (उत्पादकाच्या माहितीपत्रकात) दिलं आहे की हीटसिंक नसेल तर आतलं सिलिकॉन दर वॅटमागे भोवतालच्या हवेपेक्षा ८० अंशांपर्यंत जास्त तापतं. दोन बीओ मोटर (खेळण्यातल्या गाडीच्या छोट्या गिअरवाल्या मोटर) आहेत, प्रत्येकी ०.३ अँपिअर ओढतात, आणि प्रत्येक वाटेवर साधारण २.४ व्होल्ट अडकतात. एका मोटरचे ०.७२ वॅट, दोन्हींचे मिळून १.४४ वॅट. गुणिले ८०, म्हणजे हवेपेक्षा ११५ अंश वर.

आता हवेचं तापमान मिळवा. एसी लावलेल्या खोलीत २५ अंश असतील तर १४०. मर्यादेच्या आत आहे, गाडी पळते. भुसावळला मे महिन्यात दुपारी ४५ अंश असतील तर १६०. मर्यादा ओलांडली, चिप स्वतःला बंद करते आणि गाडी जागेवर थांबते. सर्किट तेच, मोटर त्याच, जोडणीही बरोबर. फरक फक्त हवेचा. "व्हिडिओत चालतं आणि माझ्याकडे का नाही" असं विचारणाऱ्या निम्म्या जणांचं उत्तर या एका बेरजेत आहे.

म्हणून आपल्याकडे हिशोब ४५ पासून सुरू करायचा. पत्र्याखाली किंवा बंद डब्यात ठेवणार असाल तर ५५ धरा. ज्यांचं जुनं धाब्याचं घर आहे त्यांनी तिथे टेबल मांडावं. मातीच्या जाड छताखाली भर दुपारीही पत्र्याच्या शेडपेक्षा बरंच थंड असतं, आणि ती थंडाई फुकटची असते.

४. एल२९८एन घेऊ की दुसरी एखादी?

लहान मोटर असेल तर दुसरी घ्या. हे मी अगदी आग्रहाने सांगते, कारण निम्मी दुखणी इथेच मिटतात.

एल२९८एन आणि एल२९३डी या जुन्या बांधणीच्या, बायपोलर ट्रान्झिस्टरच्या चिप आहेत. एल२९८एनमध्ये १ अँपिअरला साधारण अडीच व्होल्ट अडकतात. टीबी६६१२ ही मॉसफेटची, म्हणजे कमी व्होल्ट अडकवणाऱ्या नव्या प्रकारच्या ट्रान्झिस्टरची, चिप आहे. तिच्यात १ अँपिअरला अर्ध्या व्होल्टच्या आसपास. म्हणजे तेच काम करताना एकीत अडीच वॅट, दुसरीत अर्धा वॅट. शिवाय ते दोन व्होल्ट वाचतात ते मोटरला मिळतात. ६ व्होल्टच्या बॅटरीवर एल२९८एन लावली की मोटरला जेमतेम साडेतीन व्होल्ट पोचतात, आणि मग "मोटरमध्ये दम नाही" म्हणून मोटरच बदलली जाते.

मर्यादाही लक्षात ठेवा. टीबी६६१२ला मोटरचा सप्लाय १३.५ व्होल्टपर्यंतच द्यायचा आणि सतत १ अँपिअरच्या आसपासच ठेवायचं. डीआरव्ही८८३३ ही तशीच दुसरी चिप तर १०.८ व्होल्टपर्यंतच आहे. तिला १२ व्होल्टच्या बॅटरीवर जोडू नका. एल२९८एनची जमेची बाजू म्हणजे ती ४६ व्होल्टपर्यंत चालते, दणकट आहे, कुठेही मिळते आणि हीटसिंक लावायला तिला चांगली धातूची पाठ आहे. २४ व्होल्टची मोटर असेल तर मीही तीच काढते.

५. एल२९८एनच्या मॉड्यूलवर (चिप लावलेल्या तयार बोर्डावर) काळा हीटसिंक आधीच आहे. तरी का तापते?

तो हीटसिंक दोन्ही चॅनलवर (एका मोटरचा एक चॅनल) पूर्ण करंट सतत चालवण्यासाठी पुरत नाही. दोन्हीकडे १-१ अँपिअर म्हटलं तरी ५ वॅट झाले. "२ अँपिअर" हा आकडा चिपचा आहे, आणि तो चिपची पाठ थंड राहील असं धरून दिलेला आहे. मॉड्यूलसाठी उन्हाळ्यात मी प्रत्येक चॅनलला पाऊण ते एक अँपिअरच्या वर जात नाही.

हीटसिंकचा स्क्रू आवळून बघा. अनेक मॉड्यूलवर तो सैल असतो आणि मधे थर्मल पेस्टचा थेंबही नसतो. स्क्रू काढा, पातळ पेस्ट लावा (प्रश्न ७), पुन्हा घट्ट बसवा.

कधी तापणारी गोष्ट वेगळीच असते. मॉड्यूलवर पाच व्होल्टचा एक छोटा रेग्युलेटर असतो. १२ व्होल्ट देऊन त्याच्यावर सर्व्हो चालवला आणि सर्व्होने ०.२ अँपिअर ओढला, तर ७ गुणिले ०.२ म्हणजे १.४ वॅट त्या बिचाऱ्या रेग्युलेटरमध्ये जळतात. सर्व्होला वेगळा पाच व्होल्टचा बक कन्व्हर्टर (व्होल्ट कमी करणारा छोटा बोर्ड) द्या. आणि सप्लाय १२ व्होल्टच्या वर असेल तर रेग्युलेटरचा जम्पर काढून पाच व्होल्ट बाहेरून द्यायचे.

६. माझी मोटर किती करंट ओढते हे कसं कळणार? डब्यावर काहीच लिहिलेलं नाही.

मल्टीमीटर ओहमवर ठेवा आणि मोटरच्या दोन टोकांना लावा. मोटर कुठेही न जोडता, हाताने शाफ्ट थोडा थोडा फिरवत सात-आठ ठिकाणी वाचन घ्या आणि त्यातलं सगळ्यात कमी धरा. सप्लायचे व्होल्ट भागिले तो आकडा, म्हणजे मोटर पूर्ण अडकल्यावर ओढेल तो करंट, स्टॉल करंट. १२ व्होल्ट आणि ४ ओहम असतील तर ३ अँपिअर.

मोकळी फिरताना हीच मोटर ०.२ अँपिअर ओढत असेल. म्हणून टेबलावर सगळं छान चालतं आणि काळ्या मातीत चाक रुतलं की चिप तापते. सुरुवातीच्या क्षणी आणि दिशा एकदम उलटी करतानाही असाच मोठा करंट जातो. दिशा बदलताना मधे अर्धा सेकंद मोटर थांबवली, तर चिपचा बराच ताप वाचतो. प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवायची, एवढंच काम आहे.

७. हीटसिंक चिकटवायचा कशाने? फेव्हिक्विक चालेल का?

फेव्हिक्विक नको, एम-सील नको, डबल टेपचा फोमवाला प्रकार तर मुळीच नको. फोम म्हणजे चिपला पांघरूण घातल्यासारखं होतं.

स्क्रूची सोय असेल तर थर्मल पेस्ट लावा. ज्वारीच्या दाण्याएवढी पुरते. पेस्टचं काम दोन धातूंमधल्या बारीक खाचा भरणं एवढंच आहे, त्यामुळे थर जितका पातळ तितका चांगला. भाकरीला लोणी लावावं तशी थापू नका. स्क्रूची सोय नसेल, जशी ए४९८८सारख्या, स्टेपर मोटर (ठरावीक पायऱ्यांनी फिरणारी मोटर) चालवणाऱ्या छोट्या ड्रायव्हर बोर्डांवर नसते, तर उष्णता वाहून नेणारी पातळ थर्मल टेप येते ती वापरा. आधी चिपचा माथा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. उन्हाळ्यात टेप सैल पडून हीटसिंक घसरतो आणि शेजारच्या पिनांवर पडतो. चालू प्रिंटरमध्ये असं झालं तर बोर्ड जातो. त्यामुळे उभ्या बसवलेल्या बोर्डावर हीटसिंकला थर्मल ॲडेसिव्ह वापरलेलं बरं. ते मात्र पुन्हा निघत नाही.

८. विकतचा हीटसिंक मिळत नाही. घरी काय वापरू?

भंगारवाल्याकडे जा. जुन्या काचेच्या टीव्हीतले आणि कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधले हीटसिंक उत्तम असतात, भोकं पाडलेलीसुद्धा मिळतात. दुसरी जागा म्हणजे स्लायडिंग खिडक्या करणारा फॅब्रिकेटर. त्याच्याकडे ॲल्युमिनियम चॅनलचे हातभर लांबीचे तुकडे टाकाऊ पडलेले असतात. एल२९८एनच्या पाठीला असा तळहाताएवढा तुकडा लावा, बसायची जागा पॉलिश पेपरने सपाट करा (तिथला रंग किंवा ॲनोडायझिंगचा थर घासून काढा), आणि पेस्ट लावून आवळा.

हीटसिंक बसवताना पाती उभी ठेवा. गरम हवा वर जाते, खालून थंड हवा येते. पाती आडवी असली तर हवा मधेच अडकते.

आणि धातूची पाठ कशाला जोडलेली आहे ते आधी बघा. एल२९८एनची पाठ आतून ग्राउंडला जोडलेली असते, म्हणून ती थेट पत्र्याला आवळली तरी चालतं. तीन पायांच्या सुट्या पॉवर मॉसफेटची पाठ बहुतेक वेळा ड्रेनला (करंट वाहणाऱ्या एका पायाला) जोडलेली असते. दोन मॉसफेट एकाच पट्टीवर तसेच आवळले तर शॉर्ट होईल. तिथे अभ्रकाचा किंवा सिलिकॉनचा तुकडा आणि स्क्रूला प्लॅस्टिकचा बुश लागतो.

९. एल२९३डीला धातूची पाठच नाही. तिला थंड कसं ठेवायचं?

तिची पाठ पायांत आहे. सोळापैकी मधले चार पाय, ४, ५, १२ आणि १३, ग्राउंडचे आहेत आणि आतल्या सिलिकॉनची उष्णता मुख्यतः त्यांतूनच बाहेर येते. ब्रेडबोर्डवर ती उष्णता प्लॅस्टिकमध्ये कोंडली जाते. झिरो पीसीबीवर नुसते चार ठिपके सोल्डर केले तरी तोच प्रकार. त्या चार पायांना तांब्याचा रुंद पत्रा किंवा जाड तांब्याच्या तारेची जाळी सोल्डर करा, दोन्ही बाजूंना दोन-तीन सेंटीमीटर तरी. पीसीबी स्वतः बनवत असाल तर तिथलं तांबं खोडू नका, मोठा चौकोन ठेवा. सॉकेट वापरलं तर उष्णतेच्या वाटेत आणखी एक अडथळा येतो. नंतर बदलणं सोपं पडतं हे खरं, पण मी एल२९३डी थेट सोल्डर करते.

१०. ए४९८८चा करंट कसा लावायचा? सगळे वेगवेगळा व्होल्टेज सांगतात.

सगळे वेगळं सांगतात कारण बोर्ड वेगळे असतात. चिपशेजारी दोन चपटे रेझिस्टर दिसतील. त्यांवर आर१०० लिहिलं असेल तर ०.१ ओहम, आर०६८ असेल तर ०.०६८, आर०५० असेल तर ०.०५. भिंग लावून वाचा. बोर्डावरचा पॉट (फिरवायचा छोटा रेझिस्टर) फिरवून एक संदर्भ व्होल्टेज लावायचा, त्यावरून करंट ठरतो. ए४९८८साठी: संदर्भ व्होल्टेज = ८ × करंट × तो रोध. १ अँपिअर हवा असेल तर आर१०० ला ०.८ व्होल्ट, आर०६८ ला साधारण ०.५४, आर०५० ला ०.४. डीआरव्ही८८२५ या तशाच चिपमध्ये ८ च्या जागी ५ येतात, म्हणून आर१०० ला १ अँपिअरसाठी ०.५ व्होल्ट.

आता चूक कुठे होते ते बघा. कुणीतरी सांगितलं "०.८ ठेव", आणि तुमच्या बोर्डावर आर०५० आहे. झाले २ अँपिअर! उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे करंट दुप्पट तर उष्णता चौपट. ए४९८८ हीटसिंकशिवाय १ अँपिअरच्या आसपास सोसते, डीआरव्ही८८२५ दीडच्या आसपास. तेही उन्हाळा न धरता.

हाच वर्गाचा नियम आपल्या बाजूनेही वापरता येतो. करंट ७० टक्क्यांवर आणला तर उष्णता निम्मी होते, आणि मोटरची ताकद मात्र साधारण ७० टक्के उरते. छोट्या प्लॉटरला किंवा प्रिंटरला एवढी ताकद बहुतेक वेळा पुरते. एप्रिल लागला की मी सगळ्या मशिनांचे पॉट थोडे मागे फिरवते.

मोजताना काळी प्रोब ग्राउंडवर, लाल प्रोब पॉटच्या धातूच्या स्क्रूवर. फिरवायला प्लॅस्टिकचा पेचकस घ्या. लोखंडी पेचकस घसरून शेजारच्या पायाला लागला की चिप तिथेच जाते.

११. टीएमसी२२०९च्या बोर्डावर हीटसिंक चिपवर लावू की मागे?

टीएमसी२२०९ हीही स्टेपरची ड्रायव्हर चिप आहे. तिच्या मालिकेच्या बऱ्याच बोर्डांवर चिप खालच्या बाजूला असते आणि तिचं धातूचं पोट बोर्डाला सोल्डर केलेलं असतं. वरच्या बाजूला बारीक भोकांचा, सोनेरी किंवा कथलाचा चौकोन दिसतो. उष्णता तिथे वर येते, हीटसिंक त्या चौकोनावर लावायचा. मधोमध लावा, कडेच्या पिनांच्या सोल्डरला टेकला तर शॉर्ट होईल.

ए४९८८ मध्ये चिप वर असते, तिच्या माथ्यावर लावतो. पण तिथेही बरीचशी उष्णता पोटातून बोर्डाच्या तांब्यात उतरते, म्हणून हवा बोर्डाच्या खालूनही खेळू द्या.

१२. स्टेपर मोटर थांबलेली असतानाच जास्त तापते. बिघाड आहे का?

नाही. स्टेपर जागा धरून ठेवते, त्यासाठी थांबलेली असतानाही तिला करंट जात राहतो, आणि तो ड्रायव्हरमधूनच जातो. जागा धरायची गरज नसेल, जसं ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवून झाला आणि आता सहा तास काही काम नाही, तर एनेबल पिनने ड्रायव्हर बंद करा. टीएमसी२२०९ला थांबल्यावर करंट आपोआप कमी करायची सोय आहे, ती चालू ठेवा.

मात्र वजन उचलून धरणारी मोटर बंद करू नका, वजन खाली येईल. आणि बंद करून पुन्हा चालू केली की मोटर किंचित सरकू शकते. थ्रीडी प्रिंट अर्ध्यावर असताना हे करायचं नाही.

२८बीवायजे-४८ ही छोटी स्टेपर आणि यूएलएन२००३ची जोडी असेल तर चिप सहसा कोमटच राहते, मोटर तापते. थांबल्यावर चारही इनपुट शून्य करा, झालं.

१३. पंखा कुठे लावू आणि कोणता?

३० किंवा ४० मिलिमीटरचा पुरतो. हवा पात्यांच्या मधून वाहिली पाहिजे, म्हणून वरून दाबून मारण्यापेक्षा कडेने, पात्यांच्या दिशेने. पंख्याला सप्लाय आर्डुइनोच्या पाच व्होल्टच्या पिनवरून देऊ नका, मुख्य सप्लायवरून वेगळा द्या. जेमतेम वाऱ्याची झुळूक मिळाली तरी हीटसिंकचं काम कितीतरी सुधारतं, म्हणून १२ व्होल्टचा पंखा ७-८ व्होल्टवर सावकाश चालवला तरी चालतो आणि आवाजही कमी येतो.

आपल्या भागातलं खास दुखणं म्हणजे कापूस. वेचणीच्या दिवसांत आणि जिनिंगच्या आसपास हवेत सरकी सोडून उडालेले तंतू असतात. ते पंख्यातून ओढले जातात आणि हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखा थर बसतो. मी एकदा पेटीच उघडली नव्हती दिवाळीपासून; फेब्रुवारीत उघडली तर पाती दिसतच नव्हती, पांढुरकी गादी तयार झाली होती. पंखा फिरत होता, आवाज येत होता, हवा मात्र जात नव्हती. त्या हंगामात दर पंधरा दिवसांनी रंगाच्या कोरड्या ब्रशने झाडा, आणि झाडताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

१४. कूलरसमोर ठेवलं तर?

खोलीत कूलर चालू असणं चांगलंच, हवा खरोखर खाली येते आणि प्रश्न ३ मधली बेरीज सुधारते. पण सर्किट थेट कूलरच्या तोंडाशी ठेवू नका. त्या हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात, आणि आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. ते वाळले की पिनांमध्ये पांढरा थर बसतो, पुढे हिरवा गंज चढतो. सहा-सात फूट लांब आणि झोताच्या बाजूला ठेवा.

ओलं फडकं, बर्फाची पिशवी हेही दर वर्षी कुणीतरी विचारतं. चालू सर्किटजवळ पाणी नको.

१५. शेतात डब्यात बसवायचं आहे. भोकं पाडली तर किडे जातात, नाही पाडली तर तापतं.

आधी डबा सावलीत घ्या. सोलर पॅनलच्या खाली, उत्तरेच्या बाजूला, पॅनलला चिकटून नाही. डबा पांढरा रंगवा. काळा डबा मे महिन्याच्या उन्हात आतून भट्टी होतो. भोकं खालच्या तळाला आणि वर कडेला, वरच्यांवर पत्र्याचं छोटं छज्जं, दोन्हीकडे बारीक स्टीलची जाळी. जाळी नसेल तर पाल आत जाते, ऊब तिला आवडते, आणि दोन पिनांवर बसली की तीही जाते आणि बोर्डही.

धुळीची फारच जागा असेल तर भोकं न पाडता उष्णता भिंतीतून बाहेर काढा. डब्याची मागची बाजू ॲल्युमिनियमच्या पत्र्याची करा, चिपची पाठ आतून पेस्ट लावून त्याला आवळा. पत्र्याची बाहेरची बाजू सावलीत राहील असं बघा. पाठ कशाला जोडलेली आहे ते प्रश्न ८ मध्ये सांगितलं आहे, ते विसरू नका. डब्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १०५ अंशांचे घ्या, ८५चे नकोत.

१६. मोटर चालते, थांबते, थोड्या वेळाने आपोआप पुन्हा चालते. हे तापण्यामुळेच का?

बहुधा हो. ए४९८८ आतून १६५ अंशांच्या आसपास पोचली की स्वतःला बंद करते आणि साधारण १५ अंश उतरल्यावर पुन्हा चालू होते. म्हणून बंद-चालूला एक लय असते. स्टेपरमध्ये ही लय कानाला कळत नाही, फक्त स्टेप सुटतात आणि प्रिंटचे थर एका बाजूला सरकतात.

खात्री करायची असेल तर पुठ्ठ्याने वारा घाला. चालण्याचा वेळ वाढला तर ताप हेच कारण. काहीच फरक पडला नाही तर सप्लाय तपासा: मोटर चालू होताना आर्डुइनोचा दिवा मंद होतो किंवा तो रीसेट होतो, तर बॅटरी दमली आहे. थांबणं चाक अडकतं त्याच क्षणी होत असेल तर प्रश्न ६ बघा.

१७. मोटरची शिट्टी घालवायला पीडब्ल्यूएमची फ्रिक्वेन्सी वाढवली, तेव्हापासून चिप तापते.

पीडब्ल्यूएम म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करायला चिपमधला स्विच भराभर चालू-बंद करणं. प्रत्येक वेळी स्विच चालू-बंद होताना मधला एक क्षण असा येतो की तो ना पुरता चालू ना पुरता बंद, आणि त्या क्षणी सगळ्यात जास्त उष्णता तयार होते. आर्डुइनो उनोच्या बहुतेक पिनांवर हे सेकंदाला ४९० वेळा होतं. तुम्ही २०,००० वर नेलंत. मॉसफेटची चिप झटकन बदलते, तिला फारसा त्रास होत नाही. एल२९८एन सावकाश बदलते, ती तापणारच. एल२९८एनवर दोन-तीन हजारांच्या आत राहा आणि शिट्टी सहन करा, किंवा चिप बदला (प्रश्न ४).

१८. दोन चॅनल एकत्र जोडून भार वाटून घेता येतो का?

एल२९८एनमध्ये येतो, पण ठरलेल्या जोडीनेच: दोन चॅनलच्या चार आउटपुटांपैकी पहिलं चौथ्याशी आणि दुसरं तिसऱ्याशी. इनपुटही तसेच जोडायचे. २ अँपिअर एकाच चॅनलमधून नेले तर सुमारे ३.७ व्होल्ट अडकतात, म्हणजे ७.४ वॅट. दोन्हींत वाटले तर प्रत्येकी १ अँपिअर आणि अडीच व्होल्ट, मिळून साधारण ५ वॅट. फायदा आहे, निम्म्याइतका मात्र नाही.

एका एल२९३डीच्या पाठीवर दुसरी चढवून सोल्डर करायची पद्धत मला पसंत नाही. दोघी करंट सारखा वाटून घेत नाहीत आणि खालची गुदमरते.

१९. भंगारातली वायपर मोटर आहे. ४३ अँपिअरचा बीटीएस७९६० मॉड्यूल घेतला, म्हणजे आता ताप नाही ना?

वायपर मोटरसाठी निवड बरोबर आहे. पण ४३ हा आकडा सतत वाहायच्या करंटचा नाही. त्याच्या आसपास चिप स्वतः करंट अडवायला लागते. त्या मॉड्यूलच्या छोट्या हीटसिंकवर आणि बोर्डाच्या पातळ तांब्यावर ४३ अँपिअर सतत नेण्याचा विचारही करू नका. दहाच्या आत ठेवा. वायर जाड घ्या. बारीक वायर आणि सैल स्क्रू टर्मिनल इथे चिपच्या आधी वितळतात. मागचा हीटसिंक बोर्डाच्या टोकदार सोल्डरला टेकत नाही ना, ते चालू करण्याआधी उजेडात धरून बघा.

२०. चिप अगदी थंड होती, तरी जळली. असं कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त मनाला लावून घेऊन विचारला जातो, कारण यात माणसाने हीटसिंक, पंखा, सगळं नीट केलेलं असतं. अशा वेळी मी दोन गोष्टी विचारते.

सप्लायच्या पिनांजवळ १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर होता का? लांब वायरीने सप्लाय एकदम जोडला की क्षणभर व्होल्टेज सप्लायच्या कितीतरी वर उसळतं. ए४९८८ची मर्यादा ३५ व्होल्ट आहे, आणि ती उसळी २४ व्होल्टच्या सप्लायवरसुद्धा ती ओलांडू शकते. कपॅसिटर ड्रायव्हरच्या अगदी शेजारी हवा, वायरीच्या दुसऱ्या टोकाला नाही.

आणि सप्लाय चालू असताना स्टेपरची वायर काढली होती का, किंवा कनेक्टर सैल होता का? चालू करंट एकदम तुटला की मोटरचं कॉइल उलटा झटका देतं आणि चिप त्याच क्षणी जाते, तापायलाही वेळ मिळत नाही. घरी क्रिंप केलेले कनेक्टर यात पहिले संशयित. प्रत्येक वायर हलकेच ओढून बघा, पण सप्लाय बंद करून आणि बोर्डावरचा दिवा पूर्ण विझल्यावरच.